लोहचुंबक

"शाल पेंटरला?" तुकाण्णा लोहार गुरगुरला. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात मधोमध इनामदारांची शिकारीची मोटार चकाकत होती. तिचा सगळा पत्रा त्याने हातोडीने ठोकून घडवला होता, आणि सत्कार दस्तगीर पेंटरचा चालला होता.

माणसं बाजूला सारत तो मोटारीपाशी गेला आणि त्याने खिशातून लोहचुंबक काढलं. "पत्र्यातले खड्डे बुजवायला पुट्टीचे थर दिले की चुंबक धरत नाही. इथं बघा, नुसता पत्रा. यानं रंग फासण्यापलीकडं काय केलंय?" चुंबक बॉनेटला चिकटलं, दाराला चिकटलं. डाव्या मडगार्डावरून मात्र ते घसरून खाली पडलं.

कुणाच्या लक्षात यायच्या आत दस्तगीरने त्यावर पाय ठेवला. "गप बस, तुक्या," तो दबक्या आवाजात म्हणाला. "हे मडगार्ड ठोकलंस तेव्हा तुझा पोरगा नुकताच गेला होता. हात थरथरत होते तुझे. खड्डे मी भरले."

ज्याला जन्मभर गावात शिव्या घातल्या, त्याला घालायला आता एकही शिवी उरली नाही, याचाच तुकाण्णाला सगळ्यात जास्त राग आला.

"पाय काढ," तो म्हणाला. "चुंबक माझं आहे."