बाटलीची मागची बाजू

“मावशी म्हणते, ही ती बाटली नव्हे.”

मावशीसाठी बाटली करून घेतलेल्या भाचीने ती परत टेबलावर ठेवली आणि ओशाळून हसली. चिकटरावांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. आजवर त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. जुन्या सिनेमांत दिसणाऱ्या औषधाच्या बाटल्या, बिस्किटांचे डबे, काड्यापेट्या हुबेहूब बनवून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. बाटली काय, भंगारातही मिळते. खरी मेख लेबलात. चहाच्या पाण्यात कागद बुडवून ते त्याला म्हातारा करत, कडा नखाने कुरतडत आणि अक्षर असं काढत की बघणाऱ्याला वाटावं, हे औषध आपणही लहानपणी नाक दाबून प्यायलो आहोत. बोटांना सदा डिंक आणि कामाला बसले की उठायचं नाव नाही, म्हणून लोक त्यांना चिकटराव म्हणत.

आणि हे लेबल तर त्यांचंच होतं. तरुणपणी ते स्टुडिओत सेटवरचं सामान सांभाळायला होते, तेव्हा मूळ बाटली त्यांनीच सजवली होती. भाचीला याचा पत्ता नव्हता. ती सिनेमातल्या प्रसंगाचा फोटो घेऊन आली होती. “मावशीला वाढदिवसाला द्यायचीय. आयुष्यात एकदाच सिनेमात काम केलं तिनं, नर्सचं. तोंडात एक शब्द नाही. पण त्या बाटलीचं नाव अजून काढते.” फोटोतली नर्स चिकटरावांनी लगेच ओळखली होती. तरी तसं न दाखवता त्यांनी काम घेतलं.

“काय चुकलं?” त्यांनी विचारलं. “रंग? अक्षर?”

“पुढून काहीच नाही. पुढून बघून तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने बाटली फिरवली. म्हणाली, मागे काहीतरी लिहिलेलं होतं. हे कोरं आहे.”

चिकटराव स्टूल ओढून बसले.

मागे लिहिलेलं होतं, हे खरं. पुढचं लेबल कॅमेऱ्यासाठी. मागचं दिसतं ते फक्त बाटली हातात धरणाऱ्याला. त्या नर्सच्या समोर जाऊन बोलायची त्यांची छाती झाली नव्हती. म्हणून मागच्या लेबलावर, जिथे औषध कसं घ्यायचं ते छापलेलं असतं, तिथे त्यांनी बारीक अक्षरात आपल्या मनातलं लिहिलं. बाटली ट्रेमध्ये ठेवली. तेवढ्यात दुसऱ्या सेटवरून हाक आली आणि ते निघून गेले. काम सुटल्यावर ते मागच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. पहारेकऱ्याने कुलूप लावलं तरी उभेच होते. ती आली नाही. तिचं काम एका दिवसाचंच होतं, ती पुन्हा स्टुडिओत दिसली नाही.

दिसली ती पडद्यावर. बाटली हातात घेते, तिच्याकडे बघते आणि कपाळाला आठी घालते. नर्सने आठी घालावी असं त्या प्रसंगात काहीही नव्हतं. सिनेमा पडला, पण चिकटरावांनी तो किती वेळा पाहिला याला गणती नाही. दर वेळी ती आठी पडायची आणि दर वेळी त्यांना त्यांचं उत्तर मिळायचं. लग्नाचा विषय कुणी काढलाच, तर ते म्हणत, “या डिंकाच्या वासात कोण नांदणार, बाबा?” लोक हसत. तेही हसत.

म्हणून या वेळी त्यांनी मागचं लेबल कोरं ठेवलं होतं. कशाला जुन्या खपल्या काढायच्या? तिच्याही आणि आपल्याही.

“काय लिहिलं होतं, ते सांगितलं का त्यांनी?” चिकटरावांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

“तेच तर! तिला वाचताच आलं नाही. शॉटच्या आधी कुणीतरी बाटलीवर पाणी मारलं, दिव्यांत चकाकावी म्हणून. पुढचं लेबल तस्संच राहिलं, मागची शाई मात्र सगळी ओघळली. शॉट चालू असताना ही डोळे ताणताणून वाचतेय. शेवटचे दोन शब्द तेवढे राहिले होते. वाट बघतो. कोण, कुठे, काही नाही.” भाची हसली. “आमची मावशी म्हणजे! सुटल्यावर पुढच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली म्हणे, स्टुडिओतले दिवे जाईपर्यंत. अजूनही भाजी चिरता चिरता मध्येच विचारते, कोण गं असेल तो? घरात आम्ही दोघीच. मी काय सांगणार?”

चिकटरावांनी कपाटातल्या वार्निशच्या डब्याकडे पाहिलं. पडद्यावर दिसणाऱ्या लेबलावर तेव्हा वार्निश लावत, पाण्याने खराब होऊ नये म्हणून. मागच्या बाजूला लावत नसत. कॅमेऱ्याला दिसत नाही, तिथे वार्निश कोण वाया घालवतो? वार्निशचा तेवढा एक हात राहिला म्हणून दोन माणसं दोन फाटकांवर ताटकळली होती. चिकटरावांना रडावंसं वाटलं आणि कुणाला तरी हाक मारून सांगावंसंही वाटलं.

“तुमचा तरी काय दोष म्हणा,” भाची बाटली उचलत म्हणाली. “मागे काय होतं, ते आता कुणाला ठाऊक असणार? राहू दे. कोरीच नेते.”

“थांबा. बसा जरा,” ते घाईने म्हणाले. “आत्ता करून देतो.”

त्यांनी कोरं लेबल भिजवून सोडवलं. नवा कागद कापला. अक्षर जुनंच उतरलं: मागच्या फाटकापाशी या. वाट बघतो. खाली, जिथे औषध बनवणाऱ्याचा पत्ता असतो, तिथे त्यांनी आपलं खरं नाव आणि दुकानाचा पत्ता घातला. लेबल चिकटवलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले.

मग वार्निशचा डबा उघडला आणि पहिला हात मागच्या बाजूला मारला.