पाच अक्षरांचा शब्द

"सॉरी," धाकटा म्हणाला आणि त्याने फोन ताईच्या नाकासमोर धरला. "पाच अक्षरं, सुरुवात एसने, मध्ये कुठेतरी आर. दुसरं काय असणार? बाबा तुझी माफी मागतायत."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉस्पिटलच्या त्या खोलीत पाऊल टाकून तिने अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती, आणि इथे माफीनामा तयार होता.

पलंगावर बाबा उताणे पडले होते. मेंदूच्या झटक्याने वाचा गेली होती, हातपाय गेले होते. जाणवत सगळं होतं, कळत सगळं होतं, पण हलत होते फक्त डोळे. पापणी मिटली की हो, नजर वर केली की नाही. उशाशी इंग्रजी अक्षरांचा तक्ता टांगला होता. एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचं आणि बाबा पापणी मिटतील ते अक्षर धरायचं. तक्ता वापरायला शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, घाई करू नका, त्यांचं त्यांना पुरं करू द्या. पण धाकट्याला धीर कुठला? त्याने पळवाट शोधली होती. शब्द किती अक्षरांचा ते विचारायचं, त्यातली एकदोन अक्षरं मिळवायची आणि पुढचं फोनवर सोपवायचं. फोन तेवढ्या लांबीचे, ती अक्षरं असलेले सगळे शब्द पुढ्यात ओतायचा. धाकटा त्यातला आपल्याला सोयीचा उचलायचा.

"बघ, डोळ्यांतून पाणी येतंय त्यांच्या," आई म्हणाली. "आता तरी राग सोड, बाळा."

ताई याच बाबांच्या शेजारी बसून घड्याळं दुरुस्त करायला शिकली होती. डोळ्याला भिंग लावून ती इतकी बारीक चाकं बसवायची की बाबाही बघत राहायचे. मग धाकट्याचं शिक्षण आटोपलं आणि दुकान त्याचं झालं. ताईने पलीकडच्या गल्लीत स्वतःचं टेबल मांडलं. तेव्हा बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "तिच्या हातात घड्याळ देऊ नका, बिघडवते." ज्या हाताला त्यांनीच वळण लावलं, त्याच हाताची त्यांनी गावभर बदनामी केली. त्यानंतर तिने त्या घराची पायरी चढली नव्हती.

"हे बघ ताई, माफी झाली, विषय संपला," धाकटा म्हणाला. "सोमवारपासून दुकानात येऊन बस. मला ते बारीक काम जमत नाही, तुला माहीतच आहे."

पाणी इथे मुरत होतं तर.

"बाबांच्या तोंडून हा शब्द कुणी कधी ऐकलाय?" ताई म्हणाली. "आई, एवढ्या वर्षांच्या संसारात तू तरी ऐकलास?"

आई खिडकीबाहेर बघू लागली.

"मग आज याच्या फोनला बरा ऐकू आला. त्यांचं तोंड बंद पडलं म्हणून तुम्ही त्यात हवं ते घालणार, आणि मी ते मुकाट्याने गिळायचं?"

खरं तर फोनवरचा तो शब्द वाचताना क्षणभर तिला तो खरा वाटला होता. म्हणूनच तिला जास्त चीड आली होती. तिने पर्स खुर्चीवर आदळली आणि तक्ता हातात घेतला.

"एस झालं. बाबा, दुसरं अक्षर."

बोट फिरत राहिलं. बाबांनी पापणी मिटली. टी.

"सॉरीत टी कुठे असतो?" आईने विचारलं. धाकटा घाईघाईने फोनवर बोटं मारत होता.

आर. मग ए.

"स्ट्रॉ," धाकटा म्हणाला. "तहान लागलीय त्यांना." तो पाण्याचा पेला घेऊन पुढे आला. ताईने त्याचा हात झिडकारला. पाणी चादरीवर सांडलं.

शेवटचं अक्षर पी निघालं.

"स्ट्रॅप," ताई म्हणाली. दुकानात उठता बसता लागणारा शब्द. पण इथे कसला स्ट्रॅप? तिने पांघरूण ओढून बाजूला केलं. बोटं आखडू नयेत म्हणून बाबांच्या उजव्या हाताला आधाराची पट्टी बांधली होती. मनगट टम्म सुजलं होतं आणि पट्टीचा स्ट्रॅप त्यात रुतून बसला होता. कडेची कातडी सोलून निघाली होती. माणूस कळवळत होता आणि हे त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यात पश्चात्ताप शोधत होते.

ताईने सराईत बोटांनी बक्कल सोडवलं. आई नर्सला बोलवायला धावली.

"ही तुझी माफी," ताई धाकट्याला म्हणाली. त्याने मान खाली घातली.

बाबांचा श्वास हळूहळू संथ झाला. ते ताईकडे बघत होते.

"आणखी कुठे दुखतंय?" तिने तुटकपणे विचारलं. नजर वर गेली. "मग? काही सांगायचंय?" पापणी मिटली.

तिने अक्षरं मोजायला सुरुवात केली. पाचावर बाबांनी तिला थांबवलं. तक्त्यावर बोट फिरू लागलं.

एस.

धाकट्याने दुसऱ्या हाताचं पांघरूण उचलून पाहिलं. तिथे काही बांधलेलं नव्हतं.

ओ.

या खेपेला त्याने फोनला हात लावला नाही. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. मिटलेली पापणी उघडायला त्यांना फार कष्ट पडत होते.

"ताई, राहू दे आता," धाकटा हलक्या आवाजात म्हणाला. "कळलं ना काय ते? दमलेत ते."

ताईने बोट तक्त्यावरून काढलं नाही.

"मला काही कळलेलं नाही," ती म्हणाली. "बाबा, पुढचं अक्षर."