दाराजवळचा सरळ आरसा
पार्क बंद पडून दहा वर्षं झाली. आकाशपाळणा गंजला, झुकझुकगाडीत झुडपं माजली. आरसेमहालाचा जुना रखवालदार बायकोला घेऊन आत शिरला. त्याच्या आजारपणात घरातला आरसा तिच्या हातून फुटला होता. “होतात तसेच आहात,” ती रोज म्हणायची. पण दाढी काय चाचपून करायची? इथले आरसे वेडंवाकडं दाखवणारे, दाराजवळचा तेवढा सरळ. तोच न्यायचा होता. त्याने बाहीने पुसला. आत गालफडं बसलेला काडीपैलवान! “च्यायला, हा तर बारीक करणारा! अदलाबदल कुणी केली?” त्याने सगळे पुसून पाहिले. जाड करणारा जागेवर, बुटकं करणारा जागेवर, बारीक करणाराही जागेवर. डोकंच चालेना. “अगं, इकडे ये, बघ जरा.” “राहू द्या हो, नवा घेऊ.” त्याने तिला हाताला धरून दाराजवळच्या आरशासमोर उभं केलं. आरशात ती होती तशीच होती.