दारावरचा दांडा

"वाजव दार आणि हाक मार," परक्या फौजेचा कप्तान हसत म्हणाला. "नणंदेला कोण नाही म्हणेल?"

फरंगीसच्या पाठीला बंदुकीची नळी टेकली होती. तिची पाचावर धारण बसली होती. आत भाऊ लपलेला. सापडला तर संध्याकाळच्या आत फासावर लटकणार, हे काशान गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

दाराच्या एका फळीवर जाड लोखंडी दांडा होता, दुसरीवर नाजूक कडी. कडी किणकिणली की समजायचं, बाई आलीय. दांडा आदळला की परका पुरुष. काशानची माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशीच दारं वाजवत आली. कप्तानाला मात्र ती नुसती शोभेची नक्षी वाटत होती. दुसऱ्याचं गाव बळकावणाऱ्या मेल्याला तिथली दारं समजून घ्यायची गरज कशाला पडेल?

तिचा हात कडीपर्यंत गेला आणि वळून दांड्यावर पडला. धाड! धाड!

"वहिनी, मी फरंगीस. दार उघडा!"

वहिनी मुळात भोळी. नुसता आवाज ऐकून तिने अडसर काढला तर संपलंच सगळं. आतून पावलं धावत आली आणि दाराशी थबकली.

"घरात पुरुषमाणूस नाही," वहिनी म्हणाली. "दार उघडता येणार नाही."

हे उत्तर परक्या पुरुषाला द्यायचं. वहिनीला कळलं होतं. मागच्या माळवदावरून निसटायला भावाला आता घटकाभर तरी वेळ मिळणार होता.

"तू तिची नणंदच ना?" कप्तानाने विचारलं. तो आता हसत नव्हता.

फरंगीसने दांडा सोडला नाही. तिने तो पुन्हा आदळला.