वेलीची पानं

राजवाड्याच्या डागडुजीचा खर्च उचलणाऱ्या परदेशी आजी राणीच्या दालनात उभ्या होत्या. भिंतीवरच्या संगमरवरी वेलीला पानांच्या जागी नुसते खळगे होते.

“मामा, जरा रंगवून सांगा,” इंजिनिअर गाईडमामांच्या कानात कुजबुजला. “अजून छप्पर बाकी आहे!”

मामांची तीस वर्षांची टेप सुरू झाली. “हिरवे खडे होते इथे. परदेशी फौजेने संगिनीच्या टोकाने उपटून नेले हो!”

आजींचे डोळे भरून आले. “माझे आजोबा त्या फौजेत होते,” त्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाल्या. “माफ करा आम्हाला.” आणि त्यांनी मामांचे हात धरायला हात पुढे केले.



मामा मान खाली घालून, हात पाठीमागे नेऊन, बोटातली हिरव्या खड्याची अंगठी ओढत राहिले. इथेच पहारेकरी असलेल्या वडिलांनी मामांच्या लग्नात त्यांच्या बोटात घातलेली ती अंगठी काही केल्या निघेना.