अटीचा रकाना

‘काही अट असल्यास’ या रकान्यात साधनानं ‘सूर्यभान पुंजाराम’ असं ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि डॉक्टर अनीसांनी फॉर्म हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

“असं नाव नाही लिहिता येत, ताई.”

“काहून नाई? देऊन राहिली मी, मंग कोनाले द्याचं थे मी नाई सांगाचं त कोन सांगन?”

तिचा नवरा नितेश छताच्या पंख्याकडे पाहू लागला. शेंदूरजनाघाटाहून पहाटेच्या एसटीत बसल्यापासून हे वाक्य तो चौथ्यांदा ऐकत होता. 

अमरावतीच्या याच दवाखान्यात चार वर्षांपूर्वी टेस्ट ट्यूबच्या उपचारानं त्यांची मुक्ता जन्मली. त्या वेळचे तीन भ्रूण अजून तिथल्या थंड टाकीत होते. बाळंतपणातच साधनाची पिशवी काढावी लागली, तेव्हा तिच्या पोटी ते वाढण्याची आशा संपली. दुसऱ्या जोडप्याला द्यायला ती साफ नाही म्हणाली होती. मुक्ताचं सख्खं भावंड कुण्या परक्या अंगणात रांगतंय, हे तिला सोसणारं नव्हतं. आता दोनच वाटा उरल्या होत्या. ते नष्ट करायचे, नाहीतर संशोधनाला द्यायचे. संशोधनात त्यांच्यातून मूळ पेशी काढतात, आणि त्या पेशींपासून पुढेमागे निकामी अवयवांवर इलाज निघेल अशी जाणकारांना आशा होती.

“त्याईत जीव हाय का नाई, थे सांगा आंधी,” असं तिनं मागच्या खेपेला विचारलं होतं.

“टाचणीच्या टोकापेक्षा लहान आहेत ते,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “कोणी म्हणतं जीव आहे, कोणी म्हणतं अजून नाही. मला विचाराल तर मलाच छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण पेशी काढल्या की ते पुढे वाढणार नाहीत, हे मात्र खरं. ते लपवून मी तुमची सही घेणार नाही.”

हे बोलणं साधनाला पटलं होतं. तिनं घरी जाऊन महिनाभर विचार केला आणि आपल्यापुरता मार्ग काढला. जीव जायचाच असेल तर घरच्या माणसाच्या कामी जावा. तिचे मोठे दीर सूर्यभान तीन वर्षांपासून खुर्चीला खिळले होते. पाणी पाताळात गेलं त्या उन्हाळ्यात विहीर आणखी खोल करताना दोर तुटला आणि कमरेखालचं सगळं अंग गेलं. पाठीच्या कण्यावरच्या इलाजाची बातमी पेपरात आली, ते कात्रण साधनानं देवघरात ठेवलं होतं.

सूर्यभानच काय ते आडवे आले. “द्याचं अशीन त दे, बाई. पन माह्यं नाव नको टाकू त्याच्यात.” साधनाला वाटलं, माणूस भिडस्त आहे, स्वतःसाठी काही मागणार नाही. तसे ते होतेच. बागेतली दोनशे संत्र्याची झाडं वाळत होती, तेव्हा टँकरचं पहिलं पाणी त्यांनी धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या एका झाडाला घातलं होतं. ते झाड रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांचं. त्याचं फळ घरच्यांनी तोडायचं नाही आणि कोणी तोडलं ते विचारायचं नाही, हा पुंजारामच्या घरचा कायदा. नवी नवरी असताना साधनानं नेमकी त्याच झाडाची दोन संत्री तोडून आणली होती. सासऱ्यांनी, पुंजारामांनी, ती तिच्याच हातानं परत धुऱ्यावर ठेवायला लावली आणि दिवाळीपर्यंत घरभर तिची थट्टा चालली.

“देणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, असा नियम आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि इलाज निघायला किती वर्षं लागतील, निघेल की नाही, याचीही खात्री नाही.”

“मंग नष्ट करून टाका थे!” साधना एकदम रडायलाच लागली. “माही लेकरं हायेत थे. कोनाच्याबी हाती कशी देऊ मी?”

डॉक्टर अनीसा उठल्या. त्यांनी कपाटातून मुक्ताच्या वेळची फाइल काढली. “तुमच्या दोघांच्या सहीबरोबर आणखी एका बाईची परवानगी लागते. ती आम्ही तेव्हाच घेतली होती. नाव झाकलंय, बाकी वाचा.”

साधनाचे डोळे तिथंच सुकले. ही गोष्ट या खोलीतल्या तिघांपलीकडे कोणालाच ठाऊक नव्हती. साधनाची स्वतःची बीजं कामाची नव्हती. एका अनोळखी बाईनं आपलं बीज दिलं, त्यातून मुक्ता झाली आणि हे तीन भ्रूणही त्यातलेच. दही खाताना विरजण कोणाच्या घरून आणलं होतं ते आठवत नाही, तशी साधना त्या बाईला विसरून गेली होती.

फॉर्म तोच होता. रकानेही तेच. अटीच्या रकान्यात त्या बाईनं चौथीतल्या पोरीसारख्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली होती. साधनानं ती वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि पदरानं तोंड पुसलं.

“मॅडम, दुसरा फॉर्म द्या. हा खराब झाला.”

तिनं खाली मान घालून लिहिलं, सही केली आणि कागद नितेशपुढे सरकवला. सही करण्याआधी नितेशनं त्या बाईचा जुना फॉर्म आणि हा नवा शेजारी शेजारी ठेवले. अक्षर वेगळं होतं, शाई वेगळी होती, अटीची ओळ मात्र एकच होती:

‘ज्याले लागन त्याले द्या, नाव मले सांगू नका.’