तरुण चेहरा

“आधी लेझर करून बघू, ऑपरेशनची घाई नको,” डॉक्टर म्हणाले होते. पण लेकाचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. वृंदानं चेहऱ्याचं ऑपरेशनच करून घेतलं. सूज उतरली आणि चेहरा खरोखर तरुण दिसू लागला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिचे वडील गावाहून आले. आई गेल्यापासून ते आले की लेकीकडे टक लावून बघत बसायचे. आज त्यांनी एकदाच पाहिलं आणि नजर वळवली.

“वाईट दिसतेय का, अण्णा?”

“छान दिसतेस गं.” मग थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, “हसलीस की ओठांच्या कडेला सुरकुत्या पडायच्या ना, त्या अगदी तुझ्या आईच्या होत्या. तेवढीच उरली होती ती.”

वृंदानं त्यांच्यासाठी हसून पाहिलं. अण्णांनी मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण वर पाहिलं नाही.